कंदुरीचा रस्सा आणि माझा उजवा डोळा

माझा उजवा डोळा मटणाच्या रश्श्यानं गेला, असं मी सांगते तेव्हा ऐकणारा आधी हसतो. मग नीट बघतो, डोळ्यातलं पांढुरकं त्याला दिसतं आणि हसू आवरतं घेतो. शिकलेली माणसं जास्त हसतात. बाई, तिखट उडालं असेल डोळ्यात, असं एका मास्तरांनी मला समजावून सांगितलं होतं, जणू डोळा त्यांचाच होता. नाही मास्तर, रस्सा मी तोंडानंच खाल्ला होता. तो पोटात गेला, पोटात जे व्हायचं ते झालं आणि त्या पायी डोळा गेला. मधल्या वाटेवर माणसं उभी होती, त्यांचा राग मला अजून येतो. तेव्हा पुढे मी काही गोड बोलेन अशी आशा कोणी धरू नये.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. माझं सासर गोरेगावच्या अलीकडचं एक खेडं. घर मेंढ्याबकऱ्यांचं, जोडीला थोडी कोरडवाहू जमीन. सासरे मी यायच्या आधीच वारलेले, त्यामुळे कारभार थोरल्या दिरांच्या हातात आणि दीर सासूच्या शब्दात. माझा नवरा धाकटा, म्हणून मेंढरांमागे भटकायचं त्याच्या वाट्याला आलं. दिवाळी झाली की कळप घेऊन वऱ्हाडाकडे निघायचा, तो पेरणीच्या तोंडावर परतायचा. तोवर घरात मी, सासू, दीर आणि जाऊ. मला तेव्हा मूलबाळ नव्हतं, आणि हे मला दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळायचं.

जावेची दोन लेकरं बारशाआधीच गेली होती. तिसऱ्या वेळी मुलगा झाला आणि जगला. हा वर्षाचा झाला तर दर्ग्यावर कंदुरी करीन, असा सासूचा नवस होता. आमच्याकडे यात नवल काहीच नाही. पिराला बोकड द्यायचं, दर्ग्यासमोर चूल मांडायची, मुजावरानं फातेहा दिला की भावकीला आणि गावाला जेवू घालायचं. पोरगं वर्षाचं झालं आणि ऐन चैत्रात कंदुरी ठरली. गाव लोटलं. दीर फेटा बांधून पंगतीत फिरत होते, आणि देगीतून वाढलेला रस्सा ओरपत लोक त्यांना बराबर झालं बघा म्हणत होते. खरंच चांगला झाला होता. मी हे वासावरून सांगते, कारण चांगला होता तोवर तो आमच्यापर्यंत आलाच नाही.

आमच्या घरचा एक नेम होता. कंदुरीचं अन्न उकिरड्यावर टाकायचं नाही, कुत्र्यालाही घालायचं नाही. उरलं तर घरच्या माणसांनीच संपवायचं. त्या दिवशी पुरुषांच्या पंगती उठता उठता दिवस कलला. देगीच्या तळाशी उरलेलं बैलगाडीतून घरी आणलं आणि तसंच झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूनं ते चुलीवर कोमट केलं आणि आम्हा तिघींच्या ताटांत घातलं. आंबूस वास येत होता. मी तसं म्हणाले. सासू म्हणाली, नवसाचं बाधत नसतं. जाऊ लेकराला अंगावर पाजत होती, म्हणून तिला थोडं वाढलं. सासूनं स्वतः चार घास घेतले. बाकीचं माझ्या ताटात, कारण मी कोणाला पाजत नव्हते. दीर भाकरीवर पिठलं घेऊन जेवले. त्यांना शिळं चालत नसे.

एका दिवसानंतर माझ्या पोटात मुरडा सुरू झाला, मग आव, मग रक्त. ताप आला. घरी संडास नव्हता. बायकांनी उजाडायच्या आधी नाहीतर अंधार पडल्यावर ओढ्याकडे जायचं, मधल्या वेळेत पोटानं निमूट राहायचं, असा गावाचा कायदा. आता आव पडलेल्या पोटाला कायदा कोण शिकवणार? मी भर दुपारी टमरेल घेऊन ओढ्याला पळायचे. तिथे सासू आधीच बसलेली असायची. थोड्या वेळानं जाऊ यायची. आम्ही तिघी एकमेकींकडे पाठ करून बसायचो आणि घरी आलो की कोणी कुठं गेलंच नव्हतं. एका शब्दानं बोलणं नाही. त्या दोघी दोन-तीन दिवसांत सावरल्या. माझं आठवडाभर चाललं. लुगडी मी स्वतः धुतली, एकदा सासूनंही धुतली.

पुढे काही आठवड्यांनी माझा डावा गुडघा सुजला. लघवीला जळजळ सुरू झाली. मग उजवा डोळा लाल झाला. घरानं ठरवलं, डोळे आले. डोळे आलेल्या माणसाकडे बघायचं नाही, म्हणून माझ्याकडे बघणं बंद झालं. माझा तांब्या वेगळा केला. जावेचं दूध वाटीत काढून सासूनं ते माझ्या डोळ्यात घातलं. गावातल्या डॉक्टरनं, ज्याला सगळ्या रोगांवर एकच सुई माहीत होती, डोळ्याचे थेंब दिले. पण डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या डोळ्याला नुसतं पाणी होतं, आणि उजेड सुयांसारखा टोचत होता. लोकर ठेवायच्या खोलीत घोंगडं डोक्यावर घेऊन मी बसून राहायचे. समोर धरलेली बोटं धूसर दिसायला लागली, तेव्हा मी रडून गोंधळ घातला. तेव्हा कुठं दीर मला हिंगोलीला न्यायला तयार झाले, सासूही बरोबर निघाली.

हिंगोलीच्या त्या डोळ्याच्या डॉक्टरांना मी सगळा दोष देणार नाही. डोळा त्यांना कळत होता. हनुवटी यंत्रावर ठेवायला लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. हे डोळे येणं नाही, डोळ्याच्या आत सूज आहे, आता आलात ते बरं झालं, वेळेवर औषध घातलं तर डोळा वाचेल, असं ते म्हणाले. वाचेल, असं म्हणाले होते. मग मी उठताना लंगडले, ते त्यांनी पाहिलं. गुडघा कधीपासून सुजलाय, विचारलं. लघवीला त्रास होतो का, विचारलं. हे सगळे प्रश्न माझ्याबद्दलचे आणि विचारत होते सासूला. पदर कपाळावर ओढून मी शेजारी बसले होते. माझं तोंड जागेवर होतं, जीभ जागेवर होती. गुडघ्याचं सासूनं सांगितलं. जळजळीचंही सांगितलं, त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, महिन्या-दोन महिन्यांत हिला हगवण लागली होती का, आव पडली होती का?

"न्हाई," सासू म्हणाली. "पोट बराबर हाये तिचं."

मी पदराआडून म्हणाले, व्हय, पडली होती. सासूनं माझ्या मांडीवर हात दाबला आणि डॉक्टरांना सांगितलं की डोकं दुखून राहिलंय तिचं, तिला काय कळतं. आणि डॉक्टरांनी ते मान्य केलं. माझ्या पोटाचं मला कळत नाही, सासूला कळतं, हे एका शिकलेल्या माणसाला पटलं. यासाठी मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही.

त्यांनी आम्हा दोघींना बाहेर बसवलं आणि दिरांना आत ठेवलं. मध्ये नुसता कापडी पडदा होता. मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर सांगत होते की डोळा, सांधा आणि लघवी एकत्र धरणारा हा आजार दोन वाटांनी येतो. एक पोटातल्या जंतूंची. ती तर तुमची आई नाही म्हणते. मग दुसरी वाट उरते ती स्त्री-पुरुष संबंधांतून येणाऱ्या रोगाची. नवरा-बायको दोघांचं रक्त तपासून घ्या. नवरा कुठं असतो? दीर म्हणाले, दिवाळीपासून मेंढरांमागे आहे. मी सासूकडे पाहिलं. तिनंही ऐकलं होतं. अजूनही उठून आत जाऊन, साहेब, आव पडली होती, एवढं म्हणायला तिला कोणी अडवलं नव्हतं. ती पिशवीतली तंबाखू मळत बसली.

गोरेगावच्या काळीपिवळी जीपमध्ये दीर माझ्या बाकावर बसले नाहीत. पुढं ड्रायव्हरजवळ कोंबून बसले. त्या काळात एड्सचे इशारे भिंतींवर रंगवलेले असायचे. घरी काय झालं ते सांगायला नको. जावेनं लेकराला माझ्याजवळ फिरकू देणं बंद केलं. माझ्याबरोबर ओढ्याकाठी बसलेल्या जावेनं. औषधाची बाटली मी आरशात बघून स्वतः डोळ्यात घालत होते. आठवड्यानं दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण तो आठवडा कोणी उजाडूच दिला नाही. बाटली संपली. मी नवी मागितली तर दीर म्हणाले, आधी तुझा निकाल लागू दे. कसला निकाल, ते मला विचारायचं नव्हतं आणि त्यांना सांगायचं नव्हतं. मला एका चुलत सासऱ्याबरोबर जीपमध्ये घालून पुसेगावजवळच्या माझ्या माहेरी पोचवलं. पोचवणाऱ्यानं माझ्या बापाला अंगणातच बाजूला घेतलं आणि जे सांगायचं ते सांगितलं.

माझा बाप शेतमजूर होता आणि फार बोलणारा नव्हता. तो आत आला आणि त्यानं मला एकच विचारलं, पोरी, तुला नेमकं काय झालं होतं. मी सगळं सांगितलं. बापाला लेकीनं जे सांगायचं नसतं ते सगळं, ओढा, रक्त, लुगडी. तो खाली मान घालून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला गेलो.

नांदेडच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी बापाला बाहेर बसवलं आणि मला आत ठेवलं. असंही करता येतं, हे मला तिथे कळलं. मी सांगत गेले आणि त्या मध्ये न बोलता ऐकत राहिल्या. मग त्यांनी मला समजावलं. आपल्या आतड्यांत जंतू कायम असतात, बहुतेक निरुपद्रवी. खराब अन्नातून वाईट जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी लढतं. आठवड्याभरात जंतू हटतात. पण काही माणसांच्या रक्तात जन्मापासूनच एक खूण असते. त्यांच्या शरीराची गफलत होते. जंतू गेले तरी ते लढत राहतं, आणि समोर शत्रू नसला की स्वतःच्या सांध्यांवर, लघवीच्या वाटेवर, डोळ्यांवर चालून जातं. जेवण तिघींनी खाल्लं, पोट तिघींचं बिघडलं, डोळा एकटीचा का, याचं उत्तर ते होतं. यात चारित्र्याचा काही संबंध नाही, असं त्या म्हणाल्या. तरी सासरच्यांची तोंडं बंद करायला रक्त तपासून घ्यायचं असेल तर घेऊ. मी नको म्हणाले. मी काहून देऊ रक्त? मी काही केलेलं नव्हतं.

डोळ्याचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. औषध मध्येच तुटल्यामुळे बाहुली मागच्या भिंगाला चिकटली होती, आतला दाब वाढून काचबिंदू झाला होता. त्यांनी थेंब दिले, गोळ्या दिल्या, शेवटी शस्त्रक्रियाही केली. दुखणं थांबलं. नजर आली नाही. उजव्या बाजूला आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. थोडं आधी आणलं असतं तर, असं त्या म्हणाल्या आणि वाक्य अर्धं सोडून दिलं. माझ्या बापानं ते ऐकलं, आणि परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला.

पेरणीच्या सुमारास नवरा परतला. त्यानं पाय धुवायच्या आधीच घरच्यांनी त्याच्या कानात सगळं ओतलं होतं. तो माहेरी आला, माझ्या डोळ्याकडे पाहून हलला. मला तुझ्यावर शंका नाही, म्हणाला, पण घरात मोठी माणसं आहेत. हा त्याचा पण मी आयुष्यभर ऐकला. मी सांगितलं, मी येते, पण तुझी आई इथं येऊन माझ्या बापासमोर खरं सांगेल तेव्हा. आणि तेच तुझा भाऊ भावकीत सांगेल.

मला वाटलं नव्हतं ती येईल. पण आली. पेरणीला हात कमी पडत होते म्हणून आली, याबद्दल माझ्या मनात गैरसमज नाही. अंगणात बसली, पाणी प्यायली, आणि जराही अडखळली नाही. आव पडली होती हिला, म्हणाली, मलाबी पडली होती, थोरलीलाबी. माझ्या बापानं विचारलं की मग डॉक्टरसमोर नाही का म्हणालात. तेव्हा तिनं जे सांगितलं ते तिला खरोखर वाटत होतं, आणि त्यामुळेच माझं अंग जास्त पेटलं. कंदुरीचं जेवण बाधलं असं तोंडातून निघालं असतं, तर नवस रुजू झाला नाही असा अर्थ झाला असता. नवस रुजू झाला नाही तर पीर लेकरू परत नेईल. दोन गेली होती. तिसऱ्यावर ती एक शब्दही येऊ देणार नव्हती.

"आन् माझा डोळा?" मी विचारलं.

"डोळे दोन असतात बाई. नातू एकच हाये."

ती रडली नाही आणि तिनं माफी मागितली नाही. दिरांनी भावकीला जमवून सांगितलं की हिला हगवणीनं झालं ते सगळं, दुसरं काही नाही. लोक हसले. भावजयीच्या हगवणीची दवंडी पिटणारा दीर त्यांनी कधी पाहिला नव्हता. हसून उठले, आणि माझं नाव माझं मला परत मिळालं. डोळ्याबद्दल कोणी विचारलं नाही. मी सासरी गेले, कारण माहेरी एक खोली होती आणि तीत भाऊ-भावजयांचा संसार होता. सासूशी मी कामापुरतं बोलायचे. तिचं जेवण वाढायचे, ताट जरा जोरात ठेवायचे. असा राग काढण्यात काही शोभा नाही, पण शोभेचा मक्ता माझ्याकडे दिलेला नव्हता.

ते पोरगं मात्र माझ्याच अंगाखांद्यावर वाढलं. पुढे मला एक मुलगी झाली, तरी हा काकू काकू करत माझ्यामागे असायचा. त्याचा यात काय दोष? त्याच्या कंदुरीची गोष्ट घरात अशी सांगितली जायची की गाव जेवलं आणि सगळं बराबर पार पडलं. काकूचा डोळा लहानपणी काहीतरी लागून गेला, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. मी खोडून काढलं नव्हतं, कारण त्यानं मला कधी विचारलं नव्हतं.

दोन हजार सालानंतर बऱ्याच वर्षांनी, हा कॉलेजात जाऊ लागला होता तेव्हा, जवळा बाजारला एका नातलगाच्या घरी जेवून आल्यावर माझं पोट बिघडलं. मी ओढ्याबिढ्याला जाऊन गप्प बसले नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठला. तरी तिसऱ्या आठवड्यात डावा डोळा लाल झाला. उरलेला डोळा. त्या सकाळी मी चहासुद्धा घेतला नाही. नवरा मेंढरांमागे, दीर म्हणाले दोन दिवस बघू. पुतण्या म्हणाला, काकू, चल, मी येतो. आम्ही नांदेडची गाडी धरली. त्या जुन्या डॉक्टर बाई आता नव्हत्या, तिथे एक तरुण डॉक्टर होता. त्यानं डोळा तपासला आणि सवयीनं पुतण्याकडे वळून विचारलं, यांचं अलीकडे पोट बिघडलं होतं का?

मी मध्येच बोलले. व्हय, बिघडलं होतं, आव होती, रक्त नव्हतं. मग त्यानं माझ्याकडे तोंड करून विचारलं की उजव्या डोळ्याचं काय झालं होतं. मी सांगितलं. पुतण्या खुर्चीच्या मागे उभा होता, आणि त्याला बाहेर पाठवावं असं माझ्या मनात आलं, पण मी पाठवलं नाही. शिळा रस्सा, ओढा, हिंगोलीचा दवाखाना, सासूचं न्हाई, औषधाची बाटली, सगळं सांगितलं. जेवण कसलं होतं, असं डॉक्टरनं विचारलं. कंदुरीचं, मी म्हणाले, या मुलाच्या नवसाचं. डॉक्टर लिहीत राहिला. बाहुली मोकळी करायचे थेंब त्यानं तिथल्या तिथे घातले. वेळेत आलात, म्हणाला. तो डोळा वाचला. त्याच डोळ्यानं मी हे लिहिते आहे.

बसस्टँडवर पुतण्यानं मला बाकावर बसवलं आणि स्वतः उभाच राहिला. थेंबांमुळे मला समोरचं धूसर दिसत होतं, त्याचं तोंड कसं झालं होतं ते मला सांगता येणार नाही. हिंगोलीची गाडी लागली तरी तो हलला नाही.

"हे मला काहून सांगितलं काकू?" तो म्हणाला. "आता मी आजीसमोर कसा बसू?"

मला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. कसं बसायचं ते मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिच्यासमोर मी बसत होते, तेही मला नीट जमलेलं नव्हतं. मी त्याला म्हणाले, तुला सांगितलंच नाही मी. डॉक्टरनं विचारलं आणि मी उत्तर दिलं. तेव्हाही एवढंच व्हायला पाहिजे होतं.